सडक आणि साइडपट्टी

इंग्रजीतला ‘बायसिकल’ हा शब्द आपल्याकडे आला, तेव्हा काही दिवस तो जसाच्या तसा चालला. मग कोणी तिचे ‘पायगाडी’ असे बारसे केले, कोणी ‘दुचाकी’ म्हटले. लोकांनी ही दोन्ही नावे आदराने कोशात ठेवून दिली, मूळ शब्दातला ‘बाय’ तेवढा गाळला आणि ‘सायकल’ ह्या नावाने तिला घरात घेतले. गवळ्याने तिला दुधाच्या कॅन अडकवल्या, टपालवाल्याने डाकेची पिशवी लावली आणि आमच्या मराठवाड्यात तर कॅरिअरवर बायको व दांडीवर लेकरू बसवून माणसे तुळजापूरची यात्राही करून आली. घरात तिची जागा ओसरीवर, खांबाला टेकून. त्याविषयी कधी वाद झाला नाही. रस्त्यावर तिची जागा कोणती, हा वाद मात्र सव्वाशे-दीडशे वर्षे चालू आहे. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, अमेरिका ह्या देशांत त्यापायी कायदे झाले, मोर्चे निघाले, कोर्टकज्जे झाले. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ह्यातले काही घडले नाही. इथे वादाचा निकाल एसटीच्या एका हॉर्नने लागत असे.

त्या निकालाचे स्वरूप समजण्यासाठी आधी आमचे रस्ते पाहिले पाहिजेत.

रस्त्यांच्या बाबतीत आमचा जिल्हा आज मागास म्हणवत असला, तरी त्याची वंशावळ मोठी आहे. धाराशिवपासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्रप्रवासाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले. त्यात तगराचा उल्लेख आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर असून तिथले जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाते, असे तो सांगतो. आणि गाड्या जातात त्या कशावरून? तर रस्ता म्हणून नाव नसलेल्या अफाट मुलखातून! म्हणजे व्यापार रोमपर्यंत पोहोचला होता, पण त्याच्या पायाखाली सडक नव्हती, चाकोरी होती. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आज नोकरदारांच्या कंटाळवाण्या आयुष्याला लावतो; मुळात ती बैलगाडीच्या चाकाने मातीत पाडलेली खोल रेघ. दोन हजार वर्षे तीच आमची राजवाट होती.

१८५३ साली निजामाकडून नळदुर्गचा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे आला, आणि कर्नल मेडोज टेलर हा तिथला कारभारी झाला. ‘ठगाची जबानी’ लिहिणारा कादंबरीकार म्हणून पुष्कळांना तो ठाऊक असेल. त्याने जमीनमोजणी, तलाव, रस्ते अशी कामे हाती घेतली. १८६० साली तो मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. पुढे १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनिअरने कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची ‘बार्शी लाइट रेल्वे’ सुरू केली, ती १९११ साली लातूरला पोहोचली. धाराशिव गावाला मात्र तिचे स्टेशन मिळाले नाही; उतारू येडशीला उतरायचा आणि पुढची वाट बैलगाडीने, टांग्याने किंवा पायांनी काटायचा. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्याने सत्तावीस बसगाड्या घेऊन मोटारवाहतूक सुरू केली. हैदराबाद मुक्त झाले १९४८ साली, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. आमच्या पिढीला आठवते ती डांबरी सडक ह्या सुमाराची.

ती सडक बारा फुटी. एसटीची गाडी आठ फूट रुंद. आठ आणि आठ सोळा. म्हणजे समोरासमोर दोन गाड्या आल्या की दोघींनीही एकेक चाक खाली उतरवायचे, हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमत असे. डांबराच्या दोन्ही अंगांना मुरमाची साइडपट्टी. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सर्वांना पाठ होता : वजनदार तो डांबरावर, हलका तो मुरमावर. ट्रक आला की जीप खाली, जीप आली की बैलगाडी खाली, आणि सायकलवाला तर कोणीही आले तरी खाली. पावसाळ्यानंतर मुरूम वाहून जाई व डांबराची कड चार-चार बोटे उंच राही. त्या कडेवरून चाक घसरले की स्वार एकीकडे आणि दप्तर दुसरीकडे. गुडघ्यावरच्या खुणा पाहून अमुक पोरगा कुठल्या फाट्याकडून शाळेला येतो, हे आम्हा मास्तर लोकांना सांगता येत असे.

आणि डांबर सोडून आत शिरावे, तर आमची काळी जमीन! पावसाळ्यात तिचा चिखल मडगार्डात बसला की चाक फिरायचे थांबते. मग माणूस सायकलीवर बसत नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर बसते.

ह्या सडकेची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना रस्त्याच्या कडेने बसलेल्या खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा आठवत असतील. जिरायत शेतकरी, मजूर, कधी पाटलाच्या घरातली माणसेसुद्धा त्या कामावर होती. पुढे १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला, तो ह्याच अनुभवातून. मराठवाड्यातल्या कितीतरी रस्त्यांचे माती-खडीचे काम असे गावकऱ्यांच्या हातांनी झाले आहे. ज्या हातांनी खडी फोडली, त्यांच्याकडे पुढे वाहन आले ते सायकल. आणि सडक डांबरी झाल्यावर त्या सायकलीला जागा मिळाली ती खालच्या मुरमावर. ह्यात कोणी ठरवून अन्याय केला असे नाही. पण न ठरवता घडलेला अन्यायही वाट्याला आलेल्या माणसाला तेवढाच लागतो.

आता जरा दूरदेशी जाऊ. तिकडची पहिली आश्चर्याची गोष्ट ही की, चांगली सडक मागणारे पहिले लोक मोटारवाले नव्हते, सायकलवाले होते. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली ह्याने सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर डनलॉप ह्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर बनवले. त्याच्या आधीच, १८७९ साली, इंग्लंडच्या न्यायालयाने भरधाव सायकल हाकणाऱ्या एका इसमाच्या खटल्यात सायकल म्हणजे गाडीच, असा निवाडा दिला होता. शिक्षेसाठी दिलेला हा निवाडा पुढे सायकलवाल्यांच्या फार उपयोगी पडला. १८८८ च्या कायद्याने तो सर्व देशाला लागू झाला. सायकल जर गाडी, तर सडकेवर तिचा हक्क घोड्याच्या बग्गीएवढाच! मग इंग्लंडात आणि अमेरिकेत सायकलवाल्यांच्या संघांनी खड्डे बुजवा, रस्ते पक्के करा, अशी चळवळ उभारली. रस्ते सुधारले. आणि सुधारलेल्या रस्त्यांवरून पहिल्यांदा भरधाव गेल्या त्या मोटारी.

मोटारी वाढल्या तसा प्रश्न उलटा झाला. आता सायकलींचे काय करायचे?

हॉलंडमध्ये वेगळी सायकलवाट फार जुनी. उट्रेख्त शहरातील मालीबान ह्या झाडीच्या रस्त्यालगत १८८५ साली सायकलींसाठी खास पट्टी झाली. त्या वेळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती, आणि दगडी फरशीच्या रस्त्यावर हाडे खिळखिळी होऊ नयेत म्हणून ही सोय होती. पुढे कामगार, शेतकरी, शाळकरी मुले, सारे सायकलवर आले. १९२४ साली सरकारने सायकलींवर कर बसवला. तो भरल्याची खूण म्हणून पितळेचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. आपल्याकडे नगरपालिकेचे पत्र्याचे बिल्ले ज्यांनी वापरले असतील, त्यांना हे वाचून आपुलकी वाटेल. हा कर १९४१ पर्यंत चालला आणि त्याच्या पैशातून रस्ते झाले, ते मुख्यतः मोटारींच्या सोयीचे. आमच्या खडी फोडणाऱ्यांची कहाणी तिकडे पितळी बिल्ल्याच्या रूपाने घडली, एवढाच फरक.

इंग्लंडात १४ डिसेंबर १९३४ रोजी वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा ह्यांनी लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर अडीच मैलांची सायकलवाट सुरू केली. रुंदी साडेआठ फूट. आपल्याला वाटेल, सायकलवाल्यांनी पेढे वाटले असतील. झाले उलटेच! त्यांच्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या संघाने कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे असे : ही वाट आमच्या सोयीसाठी नाही, मोटारींच्या वाटेतून आम्हाला उचलून बाजूला ठेवण्यासाठी आहे. आज वाट दिली, उद्या सडकेवर बंदी येईल. सडकेचा हक्क आम्ही पन्नास वर्षांपूर्वी मिळवला, तो एका अरुंद, खडबडीत पट्टीच्या बदल्यात का सोडावा?

ही भीती अगदीच पोकळ होती असे नाही. त्याच वर्षी जर्मनीत नवा वाहतूक कायदा झाला आणि जिथे सायकलवाट असेल तिथे सायकलवाल्याने तीच वापरली पाहिजे, सडकेवर येता कामा नये, अशी सक्ती झाली. वाटेवर खड्डे असोत, कोणी सामान ठेवलेले असो, सबब चालणार नाही. ती सरसकट सक्ती सैल व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. आता जिथे तशी खास पाटी असेल तिथेच ती लागू होते.

अमेरिकेत हा वाद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेटला. कॅलिफोर्नियातील डेव्हिस ह्या विद्यापीठाच्या गावी नागरिकांनी निवडणुकीत हाच प्रश्न लावून धरला आणि १९६७ साली रस्त्यावर सायकलींसाठी पट्टे आखून घेतले. त्याच राज्यात जॉन फॉरेस्टर नावाचा इंजिनिअर राहत होता. ‘हॉर्नब्लोअर’च्या सागरी कादंबऱ्या लिहिणारे सी. एस. फॉरेस्टर ह्यांचा हा मुलगा. वडिलांचा नायक तोफांना भीत नसे, मुलगा ट्रकांना भीत नसे! त्याचा सिद्धांत असा की, सायकलवाला हा वाहनचालक आहे. त्याने इतर वाहनांसारखे वागावे आणि इतरांनीही त्याला तसेच वागवावे, त्यातच त्याची सुरक्षितता आहे. वेगळ्या वाटा चौकाचौकांत घात करतात, कारण वळणाऱ्या मोटारवाल्याला बाजूच्या पट्टीवरून येणारी सायकल दिसत नाही. १९७६ साली त्याने ह्यावर पुस्तक लिहिले आणि पुढे कित्येक वर्षे तिकडचे इंजिनिअर ते प्रमाण मानत.

फॉरेस्टरच्या बोलण्यात तथ्य आहे, हे चौकात सायकल चालवलेला कोणीही मान्य करील. परंतु त्याचा सायकलवाला हा तिशीतला धट्टाकट्टा, निधड्या छातीचा पुरुष होता. आठ वर्षांची मुलगी, साठीची आजी, कॅरिअरवर पोते लादलेला भाजीवाला हे त्याच्या हिशेबात नव्हते. हॉलंडने हिशेब मांडला तो नेमका ह्यांच्यापासून.

दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडमध्येही मोटारी धडाधड वाढल्या. शहरांतले कालवे बुजवून रस्ते रुंद झाले, सायकलींचे प्रमाण घटू लागले. १९७१ ह्या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेला सायकलने जाताना मोटारीखाली सापडली. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचे शीर्षकच ‘बालहत्या थांबवा’ ह्या अर्थाचे होते. ‘अपघात’ हा शब्द त्याने वापरला नाही, ‘हत्या’ हा वापरला. त्या नावाची चळवळ उभी राहिली, मार्त्ये फान पुटेन ही तरुणी तिची पहिली अध्यक्षा झाली. आयाबायांनी रस्ते अडवले, भर रस्त्यात पंगती मांडून जेवणे केली, मुले रस्त्यावर खेळवली. १९७३ साली तेलसंकट आले आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. त्या रविवारी लोकांनी पुन्हा एकदा मोकळी सडक पाहिली.

त्यानंतर हॉलंडने जे केले, ते इंग्लंडच्या अडीच मैलांसारखे नव्हते. गल्लीबोळांत वेगळी वाट केलीच नाही. तिथे मोटारीचाच वेग उतरवला. तीसच्या वेगाने जाणारी मोटार आणि सायकल एकाच रस्त्यावर नांदू शकतात. जिथे मोटारींना वेग लागतोच, त्या मोठ्या रस्त्यांवर सायकलींसाठी भक्कम, रुंद, सलग वाट केली आणि चौकात तिला अग्रक्रम दिला. डेल्फ्ट शहराने १९८० च्या दशकात सबंध गावाचे जाळे विणून दाखवले. सायकलवाटा आज त्या देशात सुमारे ३५,००० किलोमीटर आहेत, लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक सायकलीवर होतात आणि रस्त्यावरचे मृत्यू १९७१ च्या तुलनेत पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरले आहेत.

नुसती वाट बांधली की काम झाले असेही नाही. लंडनजवळच्या स्टीव्हनेज ह्या नव्या नगरात एरिक क्लॅक्स्टन ह्या इंजिनिअरने १९५० च्या दशकापासून सुरेख सायकलवाटा बांधल्या. चौकाखालून भुयारे नेली. पण त्याच नगरात मोटारींसाठीही रुंद, विनाअडथळ्याचे रस्ते केले होते. लोकांनी दोन्हींकडे पाहिले आणि बहुतेकांनी मोटार घेतली.

आपल्या देशात सायकल आली ती वेगळ्या वाटेची अपेक्षा न धरता. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटे, जंगले, बर्फ तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्यांना रस्ता असणे हीच चैन होती! स्वातंत्र्यानंतर चंडीगड वसवताना ल कॉर्ब्युझिए ह्या वास्तुकाराने रस्त्यांचे सात प्रकार योजले आणि पुढे सायकलींसाठी आठवा जोडला. इतर बहुतेक शहरांत असा विचार फारसा झाला नाही, आणि तेव्हा त्याची निकडही भासली नाही.

१९६८ साली मी शिकण्यासाठी पुण्यास गेलो, तेव्हा ते सायकलींचेच शहर होते. सकाळी कारखान्यांकडे निघालेल्या सायकलींचा लोंढा असा असे की मोटारवालाच अंग चोरून कडेने जाई. तिथे वेगळ्या वाटेची गरजच नव्हती. सबंध रस्ता हीच सायकलवाट होती. पण पुण्याच्याच परिसरात स्कूटरी बनत होत्या, आणि १९७२ साली तिथेच ‘लूना’ जन्मली. पायडल मारून सुरू होणारी ही गाडी सायकलवाल्याला पायडल कायमचे विसरायला शिकवून गेली. लोंढा पातळ झाला तसा रस्त्यावरचा दबदबाही गेला. २००६ साली केंद्राने नागरी वाहतुकीचे नवे धोरण आखले. त्याच वर्षी पुण्यात कात्रज–हडपसर जलद बसमार्ग झाला आणि बसमार्गांच्या कडेने सायकलवाटाही आल्या. त्या वाटांवर कुठे विजेचा खांब, कुठे भेळेची गाडी, कुठे उभी मोटार. २०१७ साली महापालिकेने सुमारे ८०० किलोमीटरच्या वाटांचा मोठा आराखडा मंजूर केला. मुंबईत वांद्रे–कुर्ला संकुलात २०११ साली सायकलवाट झाली. तिच्यावर सायकली कमी आणि मोटारी जास्त उभ्या राहू लागल्या. कोलकात्यात तर २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलला बंदीच केली, आणि बाजूची वाट दिली नाही ती नाहीच. १९३४ साली इंग्लंडातल्या सायकलवाल्यांना जी भीती वाटत होती, ती खरी झाली इतक्या दूर!

आता पुन्हा आमच्या जिल्ह्यात येऊ. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव–येडशी–बीड हा रस्ता आता ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. गेल्या दहाएक वर्षांत तो चौपदरी झाला. नळदुर्ग–उमरग्यावरून हैदराबादला जाणाराही महामार्गच. आमच्या सुखाची ही मोठी गोष्ट आहे. आजारी माणूस आज तासाभरात सोलापूरला पोहोचतो, हे मी उपकार मानून लिहितो. पण बारा फुटी सडकेवर चाळीसच्या वेगाने येणारी गाडी आता शंभराने येते. जुन्या काळी साइडपट्टीवर उतरल्याने गुडघा फुटायचा. आता नुसत्या गुडघ्यावर भागत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, हे पदार्थविज्ञान आम्ही शाळेतच शिकवत आलो.

आणि ह्या वेळी कडेने कोण जात असते? ‘सायकल आता कोण चालवतो?’ असे शहरातले पाहुणे विचारतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. आमच्याकडे ती सकाळी दहाच्या सुमारास पाहावी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जाण्यासाठी सायकली मिळतात. बिहारने २००६ साली अशीच योजना काढली, आणि अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढल्याचे आढळले. पुस्तके फुकट दिली, फी माफ केली, त्याहून हे साधे लोखंडी वाहन अधिक कामाला आले. पण बापाचे मन मी ओळखतो. मुलगी चार किलोमीटर सायकलने जाते ह्याचा त्याला अभिमान असतो. त्यातला अर्धा किलोमीटर महामार्गावरून आहे, हे कळले की त्याचा घास घशात अडकतो. एक अपघात झाला की त्या गावच्या दहा मुलींच्या सायकली ओसरीवर उभ्या राहतात, आणि पुढे त्या मुलींची लग्ने लवकर होतात. वाट वेगळी की एकत्र, हा प्रश्न आमच्याकडे असा थेट आठवीच्या वर्गात येऊन बसतो.

मग करावे काय? मला वाटते, दोन्ही पक्षांचे निम्मे निम्मे खरे आहे. गावातल्या रस्त्यावर, वाडीवस्तीच्या वाटेवर सायकलीला बाजूला काढू नये; तिथे मोटारीने वेग उतरवावा. महामार्गावर मात्र हक्काचा अभिमान धरून मुलीला ट्रकापुढे पाठवण्यात शहाणपण नाही. तिथे बाजूचा रस्ता हवाच. पण तो गावापुरता तुकडा नको, फाट्यापासून शाळेपर्यंत सलग हवा, आणि महामार्ग ओलांडायला पुलाखालची वाट हवी. लहान रस्त्यांची साइडपट्टी डांबराच्या पातळीत भरून ठेवणे हे तर दर दिवाळीत घर सारवण्याइतके साधे काम आहे.

आमच्यापाशी आणखी एक ठेवा आहे. शेताशेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, शिवरस्ते, गाडीवाटा ह्या मोटारीच्या आधीपासूनच्या आहेत. हॉलंडच्या खेड्यांतही सायकलवाले पुष्कळदा अशाच शेतवाटांनी जातात, तिथे बाहेरच्या मोटारींना मज्जाव असतो एवढेच. २०२१ साली राज्याने मातोश्रींच्या नावाने पाणंद रस्त्यांची योजना काढली. पाणंद मुरूम टाकून पक्की झाली, तर शेतकऱ्याचा ऊस निघेल आणि त्याच वाटेने त्याची मुलगीही शाळेला जाईल. लाइट रेल्वेची गोष्टही तशीच. २००७-०८ साली रूळ रुंद झाले आणि वाट बदलून गाडी धाराशिवला आली, तशी जुन्या अरुंद रुळांची काही वाट मोकळी पडली. स्पेनने १९९३ पासून अशा सोडलेल्या रूळमार्गांवर शेकडो कोस सायकलवाटा केल्या आहेत. रामलिंगच्या घाटातून मुले सायकलीवरून सहलीला जाताहेत, हे चित्र मला तरी अशक्य वाटत नाही.

आणि सडक माणसासाठी मोकळी करणे आम्हाला जमत नाही, असे कोणी म्हणू नये. कोलंबियाची राजधानी बोगोटा १९७० च्या दशकापासून दर रविवारी आपले मोठे रस्ते मोटारींना बंद करून सायकलवाल्यांना व पायी फिरणाऱ्यांना देते, म्हणून जगभर तिचे कौतुक होते. आमच्याकडे कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला आईच्या दर्शनासाठी लाखो माणसे पायी निघतात. पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट त्या दिवसांत त्यांची असते; वाहतूक दुसऱ्या रस्त्यांनी वळवली जाते, ट्रक वळसा घेतात, आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. आईच्या लेकरांसाठी वर्षातून दोन-तीन दिवस जे होते, त्यातले थोडे शाळेच्या लेकरांसाठी वर्षभर व्हावे, एवढीच माझी मागणी आहे.

पाटी, कायदा, निधी ही सरकारची कामे. ती होतील तेव्हा होतील. एक काम मात्र हा अंक वाचणाऱ्यांपैकी जे मोटार हाकतात, त्यांच्या हाती आजच आहे. फ्रान्समध्ये गावाबाहेर सायकलला मागे टाकताना दीड मीटर अंतर सोडण्याचा कायदा आहे. दीड मीटर म्हणजे साधारण एका माणसाची आडवी जागा. दिवाळीची सुट्टी संपेल, शाळा भरतील, आणि येडशीच्या, तेरच्या, लोहाऱ्याच्या वाटांवर निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या सायकली पुन्हा दिसू लागतील. तेव्हा हॉर्न न वाजवता गाडी थोडी हळू करावी आणि तेवढी जागा डांबरावरच सोडावी. तिला मुरमावर उतरायला लावू नये.